मिसेस जाधवांची पाटी

आमच्या दुकानात येणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "मालक नाहीत का?" मी मशीनवर वाकलेली, बोटांना पितळेचा चुरा, समोर अर्धवट कोरलेली पाटी, आणि तरी मालक नाहीत का. नाहीत म्हटलं की दुसरा प्रश्न, "तुम्ही मिसेस का त्यांच्या?" हो म्हटलं की समोरच्याच्या जिवात जीव यायचा. मग मालक कधी येतील ते विचारून तो स्टुलावर बसायचा. मालक पडद्यामागे कॉटवर पडलेले असायचे. त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला होता आणि त्या हातानं त्यांना चहाचा कपसुद्धा धड धरता येत नव्हता. पण वाट त्यांचीच बघितली जायची.

दुकान चिंचवडहून चिखलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका वेल्डिंगवाल्याच्या शेजारी. आमचे हे पूर्वी एका कंपनीच्या टूलरूममध्ये मशीनांच्या पट्ट्या कोरायचे. कंपनीनं माणसं कमी केली तेव्हा बाहेर पडले, लिलावात निघालेलं पँटोग्राफ नावाचं जुनं कोरायचं मशीन घेतलं आणि नेमप्लेटचं दुकान टाकलं. हाताचा कंप वाढला तसं काम माझ्याकडे आलं. शिकवताना त्यांनी काही राखून ठेवलं नाही, एवढं मी कबूल करते. पण गिऱ्हाइकापुढे मात्र शेवटपर्यंत म्हणायचे, "आमच्या मिसेस थोडीफार मदत करतात." थोडीफार म्हणजे सकाळी शटर उघडण्यापासून संध्याकाळी ओढण्यापर्यंत. ते गेल्यावरही दुकानाच्या बोर्डावर त्यांचंच नाव राहिलं, पुढे 'अँड सन्स'. सन एकच आहे, तो ताथवड्याला राहतो आणि कॉम्प्युटरवर काम करतो. पाटी कशी कोरतात हे त्याला आजही माहीत नाही.

बाहेरच्यांना वाटतं, नावं कोरायला काय लागतं. आता लेझर आलं, नाव टाइप केलं की मशीन आपलं आपण जाळत जातं. पँटोग्राफचं तसं नाही. त्याच्या एका बाजूला सुई, दुसऱ्या बाजूला कटर. मोठ्या नमुन्याच्या अक्षरांमधून सुई हातानं फिरवायची, तिकडे कटर तेच अक्षर लहान करून पितळेवर कापतो. श्वास जोरात सोडला तरी काना वाकडा जातो. मग खाचांमध्ये काळा रंग भरायचा, वरचा पुसायचा, पाटी बफच्या फिरत्या चाकावर धरून चमकवायची आणि वरून लॅकरचा हात द्यायचा, म्हणजे पितळ काळं पडत नाही. दारावरच्या पाटीबद्दल ह्यांचं एकच म्हणणं असायचं. बेल न वाजवता आत कोण राहतं ते कळलं पाहिजे, बाकी सगळी नक्षी.

पितळेवर खोडरबर चालत नाही. कोरलेलं घासून काढायला गेलं तर तिथे खळगा पडतो आणि उन्हात तो बरोबर दिसतो. म्हणून जाड पत्र्यावर चूक झाली की आम्ही पत्रा पालथा करायचो आणि मागच्या बाजूवर नव्यानं कोरायचो. स्क्रूची भोकं चारी कोपऱ्यांत सारख्या अंतरावर असतात, त्यामुळे पाटी दोन्हीकडून बसते. चुकलेली बाजू भिंतीकडे जाते. गिऱ्हाइकाला आधी सांगायचं आणि थोडं कमी घ्यायचं, असा आमचा रिवाज होता. या भागात अशी बरीच दारं आहेत ज्यांच्या पाटीमागे भलत्याच माणसाचं नाव आहे.

वंदना पहिल्यांदा आली ती कंपनीच्या बसमधून उतरून सरळ. गळ्यात ओळखपत्र, पायात कंपनीचे बूट. चाकणला गाडीच्या वायरी जोडण्याच्या लाइनवर ती उभ्यानं काम करायची. मूळची बीडकडची. चिखलीत नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला होता आणि वास्तुशांतीच्या आधी तिला पितळी पाटी हवी होती. अॅक्रिलिकची स्वस्त पडेल म्हटलं तर नको म्हणाली, पितळच पाहिजे. मी नेहमीप्रमाणे विचारलं, श्री. व सौ. घालायचं का. ती म्हणाली, नुसतं वंदना जाधव. खाली संजय जाधव.

मी चष्मा वर करून तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत नवऱ्याच्या डोक्यावर बायकोचं नाव मी कधी कोरलं नव्हतं.

"कामून बघायलात मावशी?" ती म्हणाली. "घर माझ्या शिफ्टवर उभं राहिलंय."

आणि ते खरंच होतं. संजय चिखलीच्या जुन्या गावातला, टेम्पो चालवायचा. चालवायचा म्हणजे मनात आलं तर. जमिनी त्याच्या आज्यानंच विकून टाकल्या होत्या, हाताशी राहिला होता फक्त रुबाब. बँकेनं कर्ज दिलं ते वंदनाच्या पगाराची स्लिप बघून. कागदावर मात्र दोघांची नावं, त्यात त्याचं आधी, कारण बिल्डरच्या माणसानं न विचारताच तसं लिहिलं होतं. कागदावर जे झालं ते झालं, दारावर तरी माझ्या मनासारखं होऊ द्या, असं तिचं म्हणणं.

ती पाटी मी जीव लावून केली. सगळा पत्रा आधी बफ केला, कडेनं बारीक दुहेरी रेघ मारली. न्यायला आली तेव्हा तिनं आपल्या नावाच्या खाचांतून बोट फिरवलं. लाइनवर वायरी दाबून दाबून त्या बोटाचं टोक चपटं झालं होतं. गावाकडे दारावर आधी बापाचं नाव बघितलं, मग सासऱ्याचं, असं काहीसं बोलली. बोलता बोलता मागची कोरी बाजू बघून तिनं विचारलं, इथे काय करतात. मी तिला पालथ्या पाट्यांची गंमत सांगितली. ती खूप हसली.

दोन-तीन दिवसांत ती परत आली, बरोबर संजय. हातात पाटी, कागदात गुंडाळलेली. माणूस बोलायला गोड. आधी माझ्या कामाचं तोंडभरून कौतुक केलं, मग म्हणाला, "पन मावशी, बाईचं नाव वर म्हंजी लोकं काय म्हनत्याल? आमी काय घरजावई हाय व्हय?" त्याला पाटी हवी होती ती अशी: मोठ्या अक्षरात जाधव, खाली लहान अक्षरात मिस्टर अँड मिसेस. पुण्यात त्यानं कुठेतरी बघितली होती. आजकाल असंच असतं म्हणे. मी म्हटलं, यात तुझं आडनाव आलं, हिचं काय आलं?

"मिसेस म्हंजी हीच की," तो हसत म्हणाला. "दुसरी कोन हाय?"

मी वंदनाकडे बघितलं. तिला म्हटलं, तुला पाहिजे तर ही राहू दे, दुसऱ्या पत्र्यावर वेगळी करून देते, दोन्ही लावा. ती माझ्याकडे न बघता वेल्डिंगवाल्याच्या ठिणग्या बघत होती. घरात काय काय झालं असेल ते मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

"हाच पत्रा पालथा करा," ती म्हणाली. "माझं नाव राहू द्या तसंच. भिंतीला तरी कळंल."

संजय मोठ्यानं हसला. त्याला तो विनोद वाटला.

मी पत्रा पालथा केला. त्या धंद्यात मी हजारो अक्षरं कापली असतील, पण ती 'मिसेस' कापताना हातात जो राग होता तो अजून आठवतो. काम मात्र सरळ झालं. रागानं काना वाकडा जाऊ द्यायचा नाही, एवढी शिस्त हातात बसलेली होती.

पुढे लेझर आलं आणि शब्दांना ऊत आला. मुलानं हप्त्यावर एक लहान मशीन घेऊन दिलं, कारण पितळेवर पोट भरेना. मग चहाचे मग, कीचेन, मोबाइलची कव्हरं, फोटोफ्रेमा. वाइफी, क्वीन, बेटर हाफ, बॉस, हायकमांड, लेडी ऑफ द हाउस. हिंजवडीचे पोरगे लाडानं वाइफी लिहून घ्यायचे. चाकणचे सुपरवायझर 'माय बॉस' लिहून घ्यायचे आणि दुकानातच त्या बॉसचा फोन आला की कपाळाला आठ्या घालून कट करायचे. एकजण म्हणाला, काकू, काहीतरी भारी लिहा, आमच्या वाइफचा वाढदिवस आहे. मी म्हटलं, नाव काय तिचं? तो क्षणभर अडला. विसरला नव्हता, पण बायकोचं नाव परक्या बाईपुढे घ्यायची त्याला सवयच नव्हती. शेवटी क्वीन घेऊन गेला.

एका कंपनीची मोठी ऑर्डर आली होती. जुन्या कामगारांचा कुटुंबासह सत्कार. कामगाराला नाव कोरलेलं घड्याळ आणि बायकोला एक लहान पितळी पट्टी बसवलेला डबा, पट्टीवर 'बेटर हाफ'. सगळ्या पट्ट्या एकसारख्या. एचआरचा मुलगा वयानं लहान, बोलायला नम्र. मी म्हटलं, नावं द्या, मी तेवढ्याच पैशांत नावं कोरून देते. तो म्हणाला, काकू, एवढी नावं कोण गोळा करणार, आणि त्यांना कुठे काय फरक पडतो. बरं, बाई कामगारांच्या नवऱ्यांना काय देणार, असं विचारलं तर त्यानं तोंडाचा आ केला. ते त्याच्या डोक्यातच नव्हतं. मग म्हणाला, त्यांना पण हाच डबा देऊ, घरी उपयोगी पडेल.

डबे एकसारखे असले की काम भराभर होतं. साच्यात पट्टी लावायची, बटण दाबायचं, काढायची. विचार करावा लागत नाही. त्या समारंभाचे फोटो मला नंतर दाखवले. स्टेजवर बायका ओळीनं उभ्या, प्रत्येकीच्या हातात तोच डबा. सूत्रसंचालन करणाऱ्यानं म्हणे दोघींना एकमेकींचे डबे दिले आणि काहीच बिघडलं नाही.

नाही म्हणायला एक गोरा इंजिनिअर आठवतो. चाकणच्या एका प्लांटवर मशीन बसवायला आलेला, पांढऱ्या भुवयांचा. बरोबर भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर, तोच दुभाषा. त्याला घरच्या स्वयंपाकघरासाठी पितळी पाटी हवी होती, त्यावर 'द मिसस'. ड्रायव्हर मला म्हणाला, मावशी, ह्यांच्यात पण मिसेसच म्हणतात बघा, लाडानं मिसस. मी म्हटलं, मग त्या मिससला विचारलं का काय कोरायचं ते? ड्रायव्हरनं जशाच्या तसं सांगितलं असावं, कारण म्हातारा मोठ्यानं हसला आणि दुकानातूनच त्यानं बायकोला फोन लावला. फोनच्या पडद्यावर एक पिकल्या केसांची बाई दिसली, मागे झाडं. ती काहीतरी ठाम बोलली. म्हातारा मान हलवत म्हणाला, तिला तिचं नाव पाहिजे. मी तिचं नाव कोरून दिलं. परदेशातल्या बायकांचं सगळं बरं असतं असं मला म्हणायचं नाही. पण या धंद्यात मी बायकोला विचारलेलं बघितलं ते त्या एकाच वेळी, आणि तेसुद्धा मी टोचल्यावर.

वंदना अधूनमधून यायची. तिची बस आमच्या जवळच्याच चौकात थांबायची. कधी चहा घ्यायची, कधी नुसती टेकायची. करोनात टेम्पो दारात उभा राहिला तो नंतरही फारसा हलला नाही. हप्ता तिच्या पगारातून जात होता. संजय बाहेर सगळ्यांना सांगायचा, आमच्या मिसेसला कामाची लई हौस, घरी बसवत न्हाई तिला. मूल झालं नाही, त्यावरूनही बोलणी सुरू झाली. तिनं दोघांच्या तपासण्या करू म्हटलं, तो गेला नाही. हे सगळं ती सपाट आवाजात सांगायची, लाइनवर मालाचं काय झालं ते सांगावं तसं.

मग एक दिवस ती शिफ्ट करून घरी गेली तर दाराचं कुलूप बदललेलं. फोन लागेना. शेजारच्या बाईनं दार किलकिलं करून सांगितलं की जाधवभाऊ म्हणत होते, मिसेस कायमच्या माहेरी गेल्या. वंदना ओळखपत्र गळ्यात घालून आपल्याच दारासमोर उभी. समोर पाटी. जाधव, मिस्टर अँड मिसेस. दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली तेव्हा रडली नाही. मला म्हणाली, "स्क्रू ड्रायव्हर असता ना मावशी, तर पाटी तरी काढून घेतली असती."

चिखलीतच, वर्कशॉपांच्या मागे, तिनं एक खोली घेतली. दिवसभर पत्रे ठोकल्याचा आवाज. पोलिसांत गेली तर त्यांनी नवराबायकोचं भांडण म्हणून समजूत घालून पाठवलं. वकील केला, कोर्टात केस टाकली. वकिलानं सांगितलं, हप्ता थांबवू नका, थांबवला तर घरावरचा हक्क सांगायला तोंड राहणार नाही. म्हणून ज्या घरात तिला पाय ठेवता येत नाही त्या घराचा हप्ता ती अजून भरते. कोर्टाच्या तारखेला सुट्टी टाकते, पगार कापला जातो, तारीख पुढे जाते. मी एकदा चिडून म्हटलं, सोडून दे ते घर, तुझ्या जिवाहून मोठं आहे का. ती म्हणाली, मावशी, घर सोडलं तर मग मी इतकी वर्षं उभी कशासाठी राहिले?

गेल्या दसऱ्याच्या आधी संजय दुकानात आला. मी दुकान आवरायला काढलं होतं. लेझरवाल्या पोरांपुढे टिकाव लागत नव्हता आणि माझेही डोळे अधू झाले होते. त्याच्याबरोबर एक तरुण बाई होती, अंगानं बारीक, हातात नवा चुडा. त्यानं पिशवीतून ती पाटी काढली. लॅकर उडून पितळ काळवंडलं होतं.

"मावशी, नुसतं पॉलिश मारून द्या," तो म्हणाला. "ही आमच्या मिसेस. रेखा."

नाव बदलायचं का, असं मी विचारणार होते, पण आधी पाटीकडे बघितलं. बदलायचं काय होतं त्यात? सगळं बरोबरच होतं. वंदनाशी काडीमोड झाला नव्हता, हिच्याशी लग्न झालं असेल तर कुठल्या देवळात झालं असेल, पण मिसेस म्हणायला कुणी कागद बघत नाही. तो शब्द त्यानं एकीच्या अंगावरून काढून दुसरीच्या अंगावर घातला होता आणि पाटीला काहीसुद्धा फरक पडला नव्हता.

मी बफ सुरू करायला उठले. तेवढ्यात रेखानं सहज पाटी हातात घेतली आणि उलटी केली. मागची बाजू भिंतीच्या ओलीनं हिरवी पडली होती, पण अक्षरं स्पष्ट होती. ती वाचत राहिली. मग तिनं संजयला विचारलं, ही वंदना कोण.

"काय न्हाई, दुकानाची चूक हाय ती," तो म्हणाला. "वापरलेला पत्रा मारला मावशींनी आपल्या गळ्यात. व्हय ना मावशी?"

माझ्या धंद्यावर आला तो. खाली त्याचं स्वतःचं नाव होतं, आणि तरी माझी चूक. मी म्हटलं, "माझ्या दुकानातून चुकलेली पाटी न सांगता बाहेर जात नाही. ही चुकलेली नव्हती."

तो काही बोलणार तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कुणाशी तरी टेम्पोवरून वाद चालला असावा, बोलत बोलत तो रस्त्याच्या पलीकडे गेला. रेखा तशीच उभी. स्टुलावर बस म्हटलं तर बसली नाही.

"त्या वारल्या ना?" तिनं हळू आवाजात विचारलं. "मला सांगितलंय, पहिली करोनात वारली म्हणून."

खोटं बोलणं सोपं होतं. ती बिचारी आपल्या घरी गेली असती, मी माझं शटर ओढलं असतं. पण मेली म्हणून सांगितलेल्या त्या बाईनं आदल्याच दिवशी माझ्याकडे चहा घेतला होता.

"रोज चाकणला कामाला जाते," मी म्हटलं. "या समोरच्या चौकातूनच बस पकडते. तू राहतेस त्या घराचा हप्ता तीच भरते."

रेखाचा चेहरा पडला नाही की ती रडली नाही. तिनं फक्त रस्त्यापलीकडे बघितलं. संजय हातवारे करून बोलत होता. मी तिला विचारलं, माहेर कुठलं. ती म्हणाली, आईवडील नाहीत, भावानं जमवलं. परत जायची सोय नाही, हे तिनं सांगितलं नाही, मला कळलं. वंदनाच्या घरात बसलेली ही पोरगी बघून मला राग यायला हवा होता. आला तो तिच्यावर नाही.

मी पाटी तिच्या हातातून घेतली. 'मिस्टर अँड मिसेस'च्या खाली बोटभर जागा होती. मी म्हटलं, तुझं नाव कोरून देते इथे. पैसे नकोत. तो येईपर्यंत होईल. निदान दारावर तरी कळू दे तू कोण ते.

तिनं पाटी एकदा सरळ करून बघितली, एकदा उलटी. हिरव्या पडलेल्या अक्षरांवरून तिनंही बोट फिरवलं, अगदी वंदनानं फिरवलं होतं तसंच.

"नको मावशी," ती म्हणाली. "मिसेसच राहू द्या. माझं नाव घातलं तर पुढच्या वेळी पत्रा परत पालथा घालायला लागेल, आणि दोन्ही बाजू तर भरल्यात."

संजय परत आला. मी बफ लावला. पुढची बाजू चमकवली, मग पत्रा फिरवून मागचीही. हिरवं सगळं गेलं, वंदना जाधव पुन्हा पिवळं धमक झालं, त्यावर मी लॅकरचा हात दिला. भिंतीकडची बाजू कशाला, असं संजयनं विचारलं. ओल पितळ दोन्हीकडून खाते म्हणून, असं मी सांगितलं. रेखानं पाटी कागदात गुंडाळली आणि छातीशी धरून त्याच्या मागे गाडीवर बसली.

हे मी वंदनाला सांगितलं नाही. थोड्या दिवसांनी तीच सांगत आली, मावशी, चौकात एक बाई येते. बस येईपर्यंत पलीकडे उभी राहते, माझ्याकडे बघते, बोलत काहीच नाही. एकदा जवळ आली, ओळखपत्रावरचं नाव वाचलं आणि गेली. ओळखीची आहे का कोणी, असं तिनं विचारलं. मी कपबशा धुवायला घेतल्या.

दुकान आता बंद आहे. पँटोग्राफ भंगारवाला किलोवर घेऊन गेला. त्या मशीननं हाताला लावलेली शिस्त तेवढी उरली, तिचा आता घरात उपयोग नाही. ह्यांच्या नावाचा बोर्ड मुलानं आठवण म्हणून ताथवड्याला नेला. आईच्या हाताचं काहीतरी न्यावं असं त्याच्या मनात आलं नाही आणि मीही सुचवलं नाही. बोर्ड नेताना सुनेनं माझ्या नव्या शेजारणीला माझी ओळख करून दिली, ह्या आमच्या ह्यांच्या मदर, फादरचं नेमप्लेटचं दुकान होतं.

शेवटच्या ऑर्डरींपैकी एक पाटी द्यायची राहिली होती, ती वंदनाच्याच बिल्डिंगमधली, एक मजला वर. परवा देऊन आले. उतरताना जाधवांच्या दारासमोर थांबले. पाटी जागेवर होती, स्क्रू घट्ट, लॅकर अजून शाबूत. दाराला बाहेरून कुलूप नव्हतं. उंबऱ्याशी रांगोळी होती, पण ती छापाची, कुणीही काढावी अशी. चौकात रेखा हल्ली दिसत नाही असं वंदना म्हणाली होती. ती अजून आत आहे, की गेली, की तिच्या जागी आणखी कुणी आली, मला काही माहीत नव्हतं. बेल वाजवायला हात वर केला आणि मग कुणाचं नाव घेऊन विचारू ते सुचेना. पाटी वाचली. ती मीच केली होती, अक्षर न अक्षर सरळ, आणि आत कोण राहतं ते तिच्यावरून कळत नव्हतं.